माझी रेषा, दत्तूची रेषा

सांगली, ३ फेब्रुवारी १९७४, रविवार
धाकट्या भावाशी, दत्तूशी, वाद झाला. मी काय बोलले ते तो उद्या वेगळंच सांगेल, म्हणून आजच लिहून ठेवते.
पुढच्या रविवारी कवठे महांकाळच्या माळावरून त्याचा अग्निबाण उडवायचा. माणसाएवढा उंच. सैन्यातून पेन्शनीत आल्यापासून दुसरं काही सुचत नाही त्याला. त्याची मोटार, म्हणजे खालची दारूची नळी, दारूकामाचे परवानेवाले बापू भरून देणार. पॅरॅशूट माझ्या भगव्या रेशमी साडीचं. आत उंची टिपणारं यंत्र: काजळी धरलेला डबा फिरतो, सुई त्यावर रेघ ओढते. दत्तूची दोन वर्षं त्या रेघेसाठी गेली. प्रश्न एवढाच, की लांब पडला तर सापडायचा कसा?
द. म्हणतो, आत छोटा ट्रान्समीटर बसवू, टी-टी करत राहील. आपण ट्रान्झिस्टर फिरवत जायचं. आवाज जिथे मावळेल ती दिशा.
"परवाना?"
"अक्का, काड्यापेटीएवढं तर हाय. कोण बघतंय?"
"कायदा आकार बघत नाही, दत्तू."
माझी पद्धत: दोन टेकाडांवर दोघे, प्रत्येकाकडे होकायंत्र. पडताना कोन घ्यायचा, नकाशावर रेषा ओढायच्या, छेदतील तिथे शोधायचं. ऐकेना. "अर्ज करतो, पुढच्या साली उडवू" इथवर आला. मग मी म्हटलं, "एका कानाने तू दिशा काय शोधणार?"
उजवा कान लढाईत गेला त्याचा.
त्याने नकाशा माझ्यापुढे सरकवला. माझी पद्धत ठरली.

४ फेब्रु.
ट्रान्झिस्टर फिरवून दिशा शोधायला एकच कान पुरतो. काल बोलतानाही मला हे माहीत होतं.

क. महांकाळ, १० फेब्रु., रविवार
भर दुपारी उडाला. काय गेला वर! बापूंनी टोपी काढून हातात घेतली. डोळ्यांत पाणी आलं, ते उन्हाचं. पॅरॅशूट उघडलं, पण वारा फार. मी पश्चिमेच्या टेकाडावर. कोन २२६. द. पूर्वेच्या टेकाडावर, विहिरीच्या कठड्यापाशी. रेषा छेदल्या तिथे अंधार पडेपर्यंत शोधलं. काही नाही.

११ फेब्रु.
दोघांपैकी एकाचा कोन चुकला, हे उघड. मी म्हटलं, तुझा. "कानापाठोपाठ डोळेही गेले वाटतं." बापूंसमोर म्हटलं. द. म्हणाला, "आसंल. तू कवा चुकलीयास, अक्का?" टोमणा नव्हता. त्याला तसंच वाटतं. त्याची रेषा खोडली. दिवसभर माझ्या रेषेवर चाललो.

१२ फेब्रु.
पुन्हा माझीच रेषा. काटे, दगड. दुपारी द. म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता." संध्याकाळच्या एसटीने साताऱ्याला, त्याच्या घरी गेला. मागे वळून पाहिलं नाही.

सांगली, २४ फेब्रु.
वहिनीचं, दत्तूच्या बायकोचं पत्र. दत्तूने ट्रान्समीटर सुटा करून टाकला. सोल्डरिंगचं सामान माळ्यावर चढवलं. दिवसभर ओसरीवर बसून असतो. मी काही बोलले का, असं विचारते. उत्तर लिहिलं नाही.

१० मार्च
बापूंचा निरोप आला म्हणून क. महांकाळला गेले. अग्निबाण बिरू धनगराला मेंढरं चारताना सापडला.
"आवं बाई, ह्यो तुमचाच न्हवं? मेंढरं लय बिचकली बगा. बायकू म्हनली, कापड तेवडं ठिवून घ्या."
"घ्या की. बाकीचं द्या."
नाक चेपलंय, दोन पंख मोडलेत. यंत्र शाबूत. पण महिनाभर दव खाल्लंय, काजळी धुऊन गेली. डबा कोरा. किती उंच गेला, ते आता कधीच कळायचं नाही.
बिरूकडून जागा नकाशावर लावून घेतली. बरोबर दत्तूच्या रेषेवर. आम्ही पहिल्या दिवशी शोधलं तिथून मैलभर लांब. खोडलेल्या रेषेवर एकदा जरी...

११ मार्च
टेकाडावर पुन्हा गेले. ऊन तसंच. त्याच दगडावर उभी राहिले, बिरूच्या जागेकडे होकायंत्र धरलं: २२६. म्हणजे माझंच बरोबर? क्षणभर आनंद झाला. लाज वाटते, पण झाला.
मग छत्री मिटून लांब ठेवली. सुई सरकली. २१४.
लोखंडी दांडा खांद्याला टेकलेला, होकायंत्रापासून वीतभरही नाही. शाळेत दर वर्षी पहिल्या तासाला मुलींना सांगत आले, होकायंत्राजवळ लोखंड आणू नका. एकीने कंपासपेटी जवळ ठेवली तर तासभर उभी केली होती.
छत्री सवयीची. त्या दिवशीही ती हातात आहे हे लक्षातच नव्हतं.

१४ मार्च
दत्तूला लिहिलेल्या पत्राचे तीन कागद फाडले. प्रत्येकात "उन्हामुळे" हा शब्द येतो.

सातारा, १७ मार्च, रविवार
छत्री घरी ठेवून आले. स्टँडवरून चालत. डोकं तापलं.
द. ओसरीवरच. "अक्का, उनातनं तशीच आलीस? छत्री कुटं हाय?"
"त्यासाठीच आलेय."
 वहिनीने पाणी आणलं. मग एकेक वस्तू चटईवर ठेवली.
दत्तूला दिलं ते: अग्निबाण, एक, नाक चेपलेला. मोडके पंख, दोन. उंचीचं यंत्र, चालू, डबा कोरा. नकाशा, खोडलेली रेषा पुन्हा शाईने ओढलेली. वायरलेसच्या परवान्याचा अर्ज, मी भरलेला, सहीची जागा मोकळी. आणि एवढं लिहून झालं की ही वही.
अर्जावर सही कर म्हटलं. पेन पुढे केलं.
त्याने डावा कान माझ्याकडे केला, पुन्हा सांगायला लावलं. मग माझ्या हातातल्या वहीकडे बोट दाखवून म्हणाला, "आदी ही वाचतो."