पेटी उघडण्याआधी

प्रिय मोलेफी,

नाताळात तू खाणीवरून आलास की आई सगळ्यांसमोर तुझी पेटी उघडतात. "बायकोसाठी काय लपवलंस रे?" म्हणत हसतात. म्हणून तू एचआयव्हीच्या गोळ्या जोहान्सबर्गलाच ठेवतोस आणि महिनाभर घेतच नाहीस. गेल्या वर्षी तापात तूच हे बरळलास. मी ऐकलं नसल्यासारखं वागले, कारण त्याच गोळ्या मीही पिठाच्या डब्यात लपवते.

काल फोनवर म्हटलं, "या वेळी सगळं आण."

"सगळं म्हणजे?"

"गरम कपडे."

"आपल्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो ना?" तू हसलास.

हे पत्र टाकत नाही. तुझ्या खोलीतले सगळे वाचतील. पण यंदा जेवताना, आईंसमोर, मी माझी गोळी घेईन. त्या मला माहेरी धाडतील का, ठाऊक नाही. हे धैर्य की तुझ्यावर जबरदस्ती, तेही कळत नाही. दुसरी गोळी माझ्या मुठीत असेल. मागायची की नाही, तू ठरव.

तुझी,
मालिनेओ
थाबा-त्सेका