फक्त बदललेली वाक्यं

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ई-मेललाही मायना लिहिणारा मी शेवटचाच माणूस, असं तू लिहितेस. असेन. मायना गाळला की पत्राची चिठ्ठी होते.

पाठ अजून धरलेलीच आहे. परवा ही शेजारणीला सांगत होती, की आमचे हे लोकांकडून भाषांतरं करून घेतात, स्वतः काही करत नाहीत. तिला काय सांगणार? सलाईनमधून औषध सोडणाऱ्या पंपाचं सॉफ्टवेअर बदललं, की त्याचं मॅन्युअल बदलतं. मग मी ठरल्या दिवशी ते गोठवतो, म्हणजे त्यानंतर स्वल्पविरामही हलवायचा नाही. नवी आणि बदललेली वाक्यं तेवढी एजन्सीमार्फत तुम्हा भाषांतरकार मंडळींकडे जातात, बाकीची मागच्या आवृत्तीतून उचलली जातात. ही पद्धत मी बसवली. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, चुकतमाकत शिकलो. पण अकरा भाषांपैकी एकही आजवर एका दिवसानेसुद्धा उशिरा निघालेली नाही.

तेव्हा सहाव्या आवृत्तीचं अख्खं मॅन्युअल मागू नकोस. बाहेरच्यांना त्यांच्यापुरती वाक्यं, असा नियम आहे. तो बहिणीसाठी वाकवला तर उद्या कुठल्या तोंडाने दुसऱ्याला नाही म्हणू? डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली का, ते कळव.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तसाच चालू ठेव.

तुझा,
धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तारीख मिळाली, वीस मार्च. डोळ्याच्या पडद्याचं आहे. नंतर कॉम्प्युटरसमोर किती बसता येईल, ते डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. मी एजन्सीला कळवून टाकलं, की हे माझं शेवटचं काम.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. म्हणाले, हा पाळण्यातही घड्याळ बघून रडत असेल. मी म्हटलं, रडायचाच.

आता जरा ऐकून घे. तुझ्याकडून येतं ते असं: झाकण बसेपर्यंत थांबा. कसलं झाकण, त्याच्या आधी काय, नंतर काय, काही पत्ता नाही. कुणीतरी फोनवर बोलत जिना उतरत असावं आणि आपल्या दारावरून जाताना कानावर पडेल तेवढंच आपल्याला कळावं, तसं चाललंय. वर्षानुवर्षं या पुस्तकाचं भाषांतर मी करते आहे आणि पुस्तक शेवटचं कधी पाहिलं ते आठवत नाही. तुझ्या पद्धतीला नावं ठेवत नाही रे. पण सोडून जाण्याआधी एकदा पहिल्या पानापासून वाचू दे. भाऊ म्हणून मागते. मग तुझ्या कामात तोंड घालणार नाही.

पाठीला शेक घे. बायकोशी भांडू नकोस, ती खोटं काही बोलली नाही.

तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

सोबत फाईल आहे. वाचण्यापुरती. दुरुस्त्या सुचवू नयेत, आवृत्ती गोठलेली आहे आणि सोळा तारखेला, सोमवारी, निघणार आहे. रागाने लिहीत नाही, दमलो आहे इतकंच. आज तीन एजन्सींना एकच गोष्ट तीनदा समजावली.

ऑपरेशनला मी येतो. रजा मागितली आहे.

तुझा,
धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

सुचवू नको म्हणालास, तरी लिहिते आहे. चौथ्या प्रकरणात नळी बदलण्याचा भाग उघड. आपल्या भाषेत तिथे आधी पंपाचं दार उघडा आणि मग नळी दाबून धरणारा क्लॅम्प बंद करा, असं आहे. गेल्या हिवाळ्यात एका वॉर्डातल्या सिस्टरने हेच कळवलं होतं, की हा क्रम उलटा आहे, क्लॅम्प उघडा राहिला आणि दार उघडलं तर थेंबाथेंबाने जायचं औषध पेशंटच्या अंगात एकदम धो धो जाईल. आपण ते पाचव्या आवृत्तीत सुधारलं होतं. सहावीत परत जुनंच आलंय.

हे वाक्य या खेपेला कुणाकडेच आलं नसणार. तुझ्या लेखी ते झालेलं आहे.

अजून पाच प्रकरणं राहिली. दिवसाला एकापुढे डोळे चालत नाहीत, सोमवारपर्यंत पुरं होणार नाही. तुझी अडचण मला कळते. काय करायचं ते तू ठरव.

तुझी,
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाहिलं. सहावीसाठी जुनी वाक्यं मी नोव्हेंबरात उचलली, तुझी सुधारणा डिसेंबरातली. ती पाचवीत गेली आणि सहावीत आलीच नाही. पद्धतीप्रमाणे सगळं बरोबर झालं आहे, हेच वाईट. बाकीच्या दहा भाषा तपासल्या. नोव्हेंबरनंतर त्यांत सुधारणा झालेल्या नाहीत.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, एवढं एक वाक्य बदला आणि सोमवारी काढा, उरलेलं पुढे बघू. मी दोन्ही आवृत्त्या मशीनवर ताडून पाहिल्या, तशीच हरवलेली आणखी दोन वाक्यं मिळाली. पण नव्या-जुन्याची सांधेजोड कुठे बिघडली आहे, हे मशीन सांगत नाही. त्याला कुणीतरी सलग वाचावं लागतं, आणि माझ्या पद्धतीत तसं वाचणारं माणूसच नाही.

म्हणून आपली भाषा मी सोमवारच्या यादीतून काढून घेतली. साहेबांनी विचारलं, बाहेरच्या बाईच्या हातात अख्खं मॅन्युअल गेलं कसं. मी म्हटलं, मी दिलं, बहीण आहे माझी. मग सातवीचं तुमचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल असं म्हणाले. मी बरं म्हटलं. भांडायला अंगात त्राण नव्हतं, आणि भांडण्यासारखं ते काही चुकीचं बोललेही नव्हते.

घरी येऊन हिला सांगितलं. तिने चहा ठेवला आणि मला बसायचं म्हणून खुर्चीवरचे कपडे उचलले.

सोमवारी दहा भाषा निघतील. आपल्याकडची हॉस्पिटलं तोवर पाचवीवरच चालतील, त्यात क्रम सरळ आहे. उरलेली प्रकरणं तू वाच. रोज एकच. डोळे दुखले तर त्या दिवशी तेही नको. ऑपरेशनआधी झालं नाही, तर मी तिथे आल्यावर मोठ्याने वाचतो, तू डोळे मिटून ऐक आणि कुठे अडलं तिथे मला थांबव.

तुझा,
धाकटा