हिरव्यातली हळद

प्रिय इंदू,

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, ते मला ठाऊक नाही. पण आज शाळेत जे झालं, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? गावात बोललो तर म्हणतील, गुरुजी, पोर लहान आहे, विसरेल. ते ऐकायची माझी ताकद नाही.

आज पहिलीला रंगांचा धडा घेतला. तू गेल्यावर पहिल्यांदाच. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी आपण या खाडीकाठच्या गावात आलो, तेव्हापासून हा धडा तुझा. पगार मला आणि शिकवणं तुझं! शाळेला रंगपेटी कुठली मिळायला? एका वाटीत हळद, एकीत कपड्यांची नीळ, एकीत कुंकू. पाण्यात हिरवा उमटला की पोरं अशी ओरडायची, की मी चौथीचा भागाकार थांबवून बघत राहायचो. मला का गं नाही कधी शिकवलंस? "तुम्ही आपले तुमचे पाढे सांभाळा," म्हणून हसायचीस!

आज मी भसकन नीळ ओतली, वर हळद टाकली आणि ढवळलं. ओहोटीच्या चिखलासारखं काहीतरी काळपट झालं. कुणी ओरडलं नाही. शेवटी कोळ्यांची पारू म्हणाली, "गुरुजी, तसा न्हाय! बाई आदी पिवला घ्यायची. नील मंग थेंब थेंब."

पुन्हा हळद घेतली. थेंब थेंब नीळ सोडली. आणि झाला गं हिरवा! कोवळ्या भातरोपासारखा. पोरं नाचायला लागली. मीही हसलो, किती दिवसांनी!

आपली शालू तेवढी उठून उभी राहिली. वर्गात ती मला गुरुजी म्हणते, सवय तूच लावलेली. आज म्हणाली, "अण्णा, त्यातली हळद परत काढून द्या."

"बाळा, एकदा मिसळली की ती वेगळी नाही होत."

"का नाही होत?"

"पिवळा आणि निळा मिळून नवा रंग झाला ना. त्याला हिरवा म्हणायचं."

"मला हिरवा नको! ती आईने कांडलेली हळद आहे. बरणीत थोडीच उरलीय. आणि तुम्ही दोनदा घेतलीत!"

इंदू, मला तोवर काही म्हणजे काही उमगलं नव्हतं. कितीतरी दिवस ती मला आमटीत हळद घालू देत नव्हती. मला वाटलं, चव आवडत नसेल पोरीला.

तिने वाटी उचलली आणि मांडीवर घेऊन भिंतीशी बसली. म्हणाली, "हळद खाली बसेल. मग वरचं पाणी मी ओतून देईन." मी तिला वाट बघू दिली. बऱ्याच वेळाने तिने जपून पाणी ओतलं. तळाशी गाळ राहिला, तोही हिरवाच! तिने बोटाने उकरून पाहिलं. आणि मग रडली. तू गेलीस तेव्हा रडली नव्हती गं ती. आज रडली.

मी जवळ बसलो, बस एवढंच. त्या दिवशी खाडीकाठी असाच बसलो होतो. तू डोलीत, अंगातला ताप हाताला चटके देणारा. म्हसळ्याचा डॉक्टर पलीकडे आणि मधे पुराचं पाणी. तरीवाल्याने हात जोडले, "गुरुजी, न्हाय जमायचं. होडी उलटंल." पाणी उतरलं, पण तू तोवर थांबली नाहीस. पुराला हिशेब शिकवता येत नाही, आणि सहा वर्षांच्या पोरीला मिसळलेले रंग सोडवून देता येत नाहीत. मग मी मास्तर कसला?

आणि एवढ्या लवकर निघायचंच होतं, तर दोन बरण्या हळद तरी कांडून ठेवायची होतीस!

घरी आल्यावर तिने बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं, आणि मला म्हणाली, "वरच्या फळीवर ठेवा. माझा हात नाही पोचत." मी ठेवली. फिक्या आमटीशी दोघं भात जेवलो.

शनिवारी केशरी रंग शिकवायचा आहे. हळद बाजारातून आणीन, चुकलो तर पारू आहेच. शालूला त्या वाट्यांपुढे बसवणार नाही. ओसरीवर बसली, तर पोरांना घेऊन मी ओसरीवर येईन. आंब्याखाली जाऊन बसली, तर धडा आंब्याखाली. ती जिथे बसेल तिथे माझी शाळा भरेल, इंदू. एवढं वचन घे.

तुझाच,
वामन