भुजल्यांची टोपली

माय, आज सातवीला पुन्हा तोच धडा शिकवला. झाड आपलं अन्न आपणच तयार करतं, पान ही त्याची चूल आणि ऊन हा तिचा जाळ. तुला जाऊन सतरा वर्षं झाली, पण हा धडा आला की तुझी टोपली डोळ्यांपुढे येतेच.

पांढुर्ण्याच्या घरी राखीच्या आठ-नऊ दिवस आधी तू टोपलीत माती घालून गहू पेरायचीस आणि कोठीमागे अंधारात झाकून ठेवायचीस. राखीच्या दुसऱ्या दिवशी साऱ्या बाया हे अंकुर, या भुजल्या, नदीत सोडायला न्यायच्या. त्या पिवळ्याधमक निघाल्या की वर्ष चांगलं जातं, असं तू मानायचीस. मी सातवीत होते, हा धडा नुकताच झालेला, शहाणपण नुसतं उतू जात होतं. तू संत्र्याच्या बगिच्यात निंदायला गेलीस आणि मी टोपली अंगणात उन्हात आणून ठेवली. संध्याकाळपर्यंत अंकुर हिरवे झाले. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "काऊन केलं व असं? नदीवर साऱ्याइच्या पिवळ्या राहीन अन् आपल्याच हिरव्या!" मी रडत म्हटलं, "उनाबिगर ते उपाशी मरतात, माय." तू थांबलीस. "मंग आतापावतर काय खाऊन राहिल्या होत्या?"

याचं उत्तर पुढे शिकले. दाण्यात असते तेवढ्या शिदोरीवर ते वाढतात, ती संपली की माना टाकतात. हे मला पाठ होतं, तरी लकव्यानं तुझी एक बाजू गेल्यावर सौसरच्या क्वार्टरात मी तुला मागच्या खोलीत ठेवलं. खिडकीत कूलर होता, त्यानं ऊन अडायचं; तो मी हिवाळ्यातही काढला नाही. बाहेरून कडी लावून शाळेत जायचे. "मले जराशी उनात बसव व," तू अर्ध्या तोंडानं म्हणायचीस. मी म्हणायचे, रविवारी. असे किती रविवार गेले. तुझा चेहरा पिवळा पडत गेला आणि मी रोज तुझं तोंड पुसत तो पाहत होते.

तुला लिहिलेलं हे पान धड्यांच्या वहीतच राहील. तुला उचलून उन्हात न्यायला दुसरं माणूस नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. शेजारची काकू रोज म्हणायची, "चाल, दोघी मिळून उचलू." मीच नको म्हणायचे. अंगणासमोरून माझ्या शाळेतली पोरं जायची आणि तुझी लाळ गळायची. मला तुझी लाज वाटायची, माय.