गच्चीवरचं ऊन आणि विहीणबाईंचे बिबडे

असोदा,
चैत्र वद्य पंचमी

प्रिय सोनल,

अनेक आशीर्वाद. सामान आलं ते असं: सोलरच्या काळ्या प्लेटा सहा, लोखंडी सांगाडा, वायरी, भिंतीवरची पेटी, अनुदान वजा जाता सव्वा लाख. पूजेचा नारळ पस्तीस, हार वीस, पेढे पावशेर. मधल्या खोलीचा एसी एकतीस हजार. हा आकडा वहीत लिहिला आणि त्यावर हात ठेवून जरा वेळ बसले.

पंखा पाचवर गेला की ओरडणाऱ्या आईला झालं काय, असं तुला वाटेल. तुझ्या डोहाळजेवणाला विहीणबाई चार बायकांत म्हणाल्या ना, पहिलं बाळंतपण शिरपूरलाच होऊ द्या, असोद्याचं तुमचं घर म्हणजे वैशाखात केळी पिकवायची वखार. शिरपूर काही महाबळेश्वर नाही. पण लेकीच्या आईनं विहिणीसमोर लाडू खावा आणि गप्प बसावं, म्हणून मी दोन लाडू खाल्ले. घरी आल्यावर तुझ्या नानांना एवढंच म्हटलं, सोनल बाळंतपणाला इथंच येणार, घर गार करा. नाना म्हणाले, बिल कोण भरेल? मी म्हटलं, सूर्यनारायण.

प्लेटा बसल्या त्या आठवड्यात भरदुपारी लाईट गेली. नाना खुशाल खुर्चीत बसून राहिले, म्हणाले, गावाची गेली, आपली नाही. तेवढ्यात आपलाही पंखा थांबला. वर ऊन असं की गच्चीवर पाय ठेववेना, आणि खाली अंधार. नानांनी जळगावच्या रुपचंदला फोन लावला. हा प्लेटा बसवून गेलेला इंजिनिअर, वयानं तुझ्याएवढाच. तो म्हणाला, काका, खांबावर वायरमन चढलेला असतो, तुमची वीज त्याला लागेल म्हणून गावाची गेली की हीही आपोआप बंद होते, बॅटरी लावली तरच घरापुरती चालेल. नाना म्हणाले, हे आधी सांगायचं. तो म्हणाला, सांगितलं होतं, तुम्ही तेव्हा पेढे वाटत होता. मग बॅटरी आली. तिचा आकडा या पत्रात लिहीत नाही, तुझ्या अशा दिवसांत नको.

आता खरी गंमत. गच्ची प्लेटांनी अडवली आणि बिबडे-पापडांचं वाळवण तोंडावर. शिरपूरच्या वाट्याचे बिबडे दरवर्षी जातात, यंदा न पाठवून कसं चालेल? हात लावून पाहिला तर प्लेटांची काच तव्यासारखी तापलेली, वर स्वच्छ. मी नानांचं जुनं धोतर ओलं करून त्यावर पसरलं, कोपऱ्यांना विटा ठेवल्या आणि ज्वारीचे बिबडे घातले. असे झकास वाळले, सोनल, की मी सूर्याला दोनदा हात जोडले. रोज सकाळी घालायचे, उन्हं उतरली की काढायचे.

तिकडे रुपचंदच्या मोबाईलवर दिसायचं की आपल्या घरची वीज रोज सकाळीच ढेपाळते. त्यानं नानांना विचारलं, गच्चीवर सावली पडते का? नाना म्हणाले, आभाळ असेल. जळगावात चैत्रात आभाळ? शेवटी तो स्वतःच आला, गच्चीवर चढला आणि त्यानं धोतराचं एक टोक उचलून पाहिलं. मग म्हणाला, मावशी, हे काय आहे? मी म्हटलं, बिबडे, विहीणबाईंसाठी. तो म्हणाला, मावशी, प्लेट झाकली की वीज कशी होणार? मी म्हटलं, सगळ्या कुठे झाकल्या, एक देवाच्या नावानं मोकळी सोडली आहे. त्यानं कपाळाला हात लावला. अर्धवट वाळलेला बिबडा तेल-तिखट लावून दिला तेव्हा तो हात खाली आला. जाताना डबाभर घेऊन गेला. आता बिबडे भिकुबाईच्या घराच्या मातीच्या धाब्यावर घालते.

भिकुबाई म्हणजे आपल्या शेजारची, धुळ्याकडून आलेली. ती एसीच्या खोलीत पाऊल टाकताच म्हणाली, आठे ते बठ्ठं थंडगार शे वं माय. दुसऱ्या दिवसापासून आमचं भजनी मंडळ मंदिरातून उठून मधल्या खोलीत आलं. भजन संपतं, बायका उठत नाहीत. मी शाल पांघरून टाळ वाजवते.

असो. विहीणबाई, आता तुमच्याशी बोलते. सोनलच्या नावाचं टपाल आधी तुम्ही उघडता हे मला ठाऊक आहे, म्हणून तर फोन न करता पत्र लिहिलं. फोनवरचं तुम्हाला सांगताना पोर अर्धं गाळते. माझं पहिलं बाळंतपण सासरी झालं, माझी आई तेव्हा राहिली नव्हती. सासरच्यांनी काही कमी केलं नाही. पण कळा सुरू झाल्या तेव्हा हाक कोणाला मारावी ते सुचेना. तेवढं माझ्या लेकीच्या वाट्याला नको, बाकी माझा हट्ट नाही. जळगावचा दवाखाना इथून रिक्षानं जवळ आहे. लेक माझी असली तरी नातवंड दोघींचं. तुम्हीही या, महिनाभर राहा. एसीचा रिमोट तुमच्या उशाशी ठेवीन आणि कितीवर लावलाय ते विचारणार नाही. होकार असेल तर उलट टपाली कळवा. नकार असेल तर तिकीट वाया घालवू नका, मी समोर येऊन ऐकेन आणि यंदा लाडू खाणार नाही. पाकीट नीट चिकटवून सोनलला द्या.

सोनल, तुझीच,
आई