पडीक म्हणून लिहिलेलं गायरान

३ मे १९३६
तिसऱ्यांदा फाळ बोरीच्या मुळात अडकला. संपत पाटलांनी स्वतः नांगर दाबून धरला, मी बैल ओढत होतो. मूळ तुटलं. गायरानाचा दुसरा तुकडाही आज संपला. सगळा कापसाखाली जाणार. तळ्याकडचा तेवढा राहिला.
विचारलं, "तोही संपल्यावर?"
"मंग शेजारच्या गावाचं बघू."
"त्यांचंही संपलं की?"
"तवर आपणच संपतो की, दादा! लई शिकले म्हणून लई भेता तुम्ही."
माणसं हसली. मीही.

५ मे
जालन्याच्या सरकी काढायच्या जिनात नवी यंत्रं बसली. कापूस मागच्या सालाएवढाच झाला तर लोक म्हणतात, बुडालो. तेवढाच म्हणजे कमी, हे आम्ही कधी शिकलो? जुन्या रानाचा उतारा घटतोय, म्हणून नवं रान. नवं रान म्हणजे चराई. चराई गेली की मेंढ्या नाहीत. मेंढ्या नाहीत, तर जुन्या रानाला खत...

८ मे
म्हाळू धनगर आला. दर उन्हाळ्यात त्याचा कळप आमच्या रानात बसतो, लेंड्यांचं खत पडतं, आम्ही ज्वारी देतो. वडिलांपासून चालत आलेलं.
"रातच्याला बसवतो मालक, पण दिवसा चारू कुठं?"
"बांधावर."
"तुमचा बांध! एक मेंढी चढली तं दुसरीला उतरावं लागंल."
तळ्याकडचा तुकडा वाचवायला तहसिलात अर्ज द्यायचा म्हणतो. तिथं सगळं उर्दूत; गावात उर्दू लिहिणारा मीच.
"तुमच्या हातचं लिवलेलं तिथं चालतं म्हणत्यात."
चालतं. का चालतं, ते त्याला ठाऊक नाही.

९ मे
गेल्या उन्हाळ्यातला, गायरान नांगरायची परवानगी मागणारा अर्जही माझ्याच हातचा. 'ही जमीन पडीक आहे, कोणाच्याही उपयोगाची नाही.' हे वाक्य पाटलांनी सांगितलं नव्हतं. मला सुचलं. भोकरदनच्या कारकुनाने दोनदा मोठ्याने वाचलं. "वा, क्या लिखा है!" घरी येईपर्यंत मी खूश होतो.
त्याच उन्हाळ्यात म्हाळूच्या मेंढ्या माझ्या रानात बसल्या होत्या.

१२ मे
अर्ज झाला. दोनदा फाडला, तिसऱ्यांदा लिहिला. शेवटी एक ओळ घातली: आधीचा अर्ज मीच लिहिला, त्यात जमिनीबद्दल खोटं आहे.
म्हाळूने अंगठा उठवला. मग म्हणाला, "वाचून दावा की."
वाचलं. ती ओळ सोडून.
"बराबर. बिलकुल माझ्या मनातलं लिवलं तुम्ही."
जाताना घोंगडी ठेवून गेला. नको म्हणालो, पण एकदाच.

१३ मे
म्हाळू पहाटेच अर्ज घेऊन पायी भोकरदनला गेला. सकाळी पाटलांचा माणूस आला, तळ्याकडच्या तुकड्यासाठी बैल मागायला. दिले.