सहा मेंदू, खूण नाही

सोम. ३ फेब्रु.
लॅबमधली सोबतीण ऋता नोकरीसाठी बंगळूरला जाऊन तीन आठवडे. लॅबच्या आमच्या कोपऱ्यात आता मी एकटीच. शेवटच्या सहा उंदरांचे मेंदू आज काढले. महिनाभर त्यांच्या फक्त उजव्या मिशा कापत होते, उजव्या मिशांची जाणीव मेंदूच्या डाव्या बाजूला पोचते, म्हणजे ती बाजू गप्प. तिथल्या, मज्जापेशींना सांभाळणाऱ्या आधारपेशी आपल्या फांद्या आवरून घेतात की तशाच पसरून बसतात, एवढंच बघायचंय. आधीच्या खेपांत पेशी दिसण्यासाठी लावायचा रंगच नीट चढला नव्हता. पीएचडी या सहांवर लटकलीय.
दिवसभरात बोललेला एकच शब्द, लिफ्टमनला. "तिसरा."

गुरु. ६
काप काढताना लक्षात आलं. उजव्या बाजूला सुईने खूण करायची राहिली. सहाही मेंदूंना! काप पाण्यात उलटेसुलटे होतात, खुणेशिवाय डावं-उजवं ओळखता येत नाही. ऋता प्रत्येक वेळी विचारायची, "खूण?" मी म्हणायचे, "झाली." सोमवारी विचारायला कोणी नव्हतं. चूक माझी, तरी राग तिचा आला.

शनि. ८
मायक्रोस्कोपखाली सहाही. एका बाजूच्या पेशी भरगच्च, दुसऱ्या बाजूच्या स्पष्ट आवरलेल्या. चार वर्षं हेच शोधत होते. बाजूला वळून बघितलं, खुर्ची रिकामी.
आवरलेली ती डावी, असं ठोकून दिलं तर कोणाला कळणार आहे? पण मग जे सिद्ध करायचं तेच आधी धरून चालल्यासारखं.

रवि. ९
आप्पांना सांगितलं. आई गेल्यापासून आम्ही चहा-औषधापुरतंच बोलतो. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, सगळं ऐकलं. "नाय केलंय तर नाय केलंय म्हणान सांग." मग उंदरांना दुखतं का, ते विचारलं. भूल देतो म्हटलं. टीव्हीचा आवाज परत वाढला. बरं वाटलं, आणि रडूही आलं.

मंगळ. ११
माझ्या गाइड मॅडमना सांगितलं. ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. हे सहा थिसिसमध्ये धरायचे नाहीत, नव्याने करायचे. त्यासाठी मुदतवाढ लागेल, ती मिळेलच असं नाही, म्हणाल्या.
मी दारापर्यंत गेल्यावर, "दिसलं काही?"
"दिसलं."
त्यांनी मान हलवली आणि पुन्हा स्क्रीनकडे बघायला लागल्या. काय दिसलं ते त्यांनी विचारावं असं मला फार वाटत होतं. मुदतवाढीचं शुक्रवारी कळेल.